पोर्ट सेलिनाचं न झालेलं छप्पर

शिकागो,
१५ जानेवारी १९९५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र आईच्या हाती आधी लागू देऊ नका. ती वाचेल, आणि तुमचा चष्मा सापडेपर्यंत सगळ्या गल्लीला कळलेलं असेल. बातमी अशी, की आपल्या पोर्ट सेलिनाच्या नव्या बेसबॉल स्टेडियमचं काम आमच्या ऑफिसला मिळालंय आणि त्याचं छप्पर माझ्याकडे दिलंय. छप्पर म्हणजे कायमचं झाकण नव्हे बरं का, लगेच कपाळाला आठ्या घालू नका. सरकतं छप्पर आहे. पाच मोठे भाग रुळांवरून पुढे येतील आणि अकरा मिनिटांत मैदान झाकलं जाईल. ऊन पडलं की परत मागे. आकाश तुमचं तुम्हाला.

तुम्हाला आठवतं का, मी नऊ-दहा वर्षांची असताना पाऊस आला की तुम्ही मला मैदानावर ताडपत्री ओढायला न्यायचात? मी एक कोपरा धरायची आणि तुम्ही म्हणायचात की माझ्याशिवाय ती जागची हलली नसती. तिथून मला वेस्टब्रुकची बस दिसायची. ऑर्व्हलकाका चार तास गाडी हाकून सगळ्यांना आणायचे आणि माणसं एकही चेंडू न बघता ओल्या कोटांनी परत बसमध्ये चढायची. लायलाकाकू खिडकीतून मला हात करायची. छप्पर मी त्या बससाठी आखतेय असं म्हटलं तर ऑफिसात हसतील, म्हणून फक्त तुम्हालाच लिहिते.

मार्चमध्ये छपराच्या मंजुरीसाठी काउंटी बोर्डापुढे जाहीर सुनावणी आहे. तेव्हा घरी येईन. आईला हेरिंग माशाचं लोणचं घालून ठेवायला सांगा.

तुमचा आणि आईचा जीव माझ्यावर आहे तसाच राहो.
आपली,
मार्गिट

*

पोर्ट सेलिना,
२९ जानेवारी १९९५

चि. मार्गिट हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र तुझ्या आईनेच आधी वाचलं. दुपारी मी बेकरीत गेलो तर बेकरीवाल्याने पावाबरोबर अभिनंदनही दिलं. तुझी आई दोन दिवस हवेत आहे. मलाही आनंद झाला, तो मी तिच्यासारखा गल्लीभर वाटत नाही इतकंच.

आता जरा कामाचं. मी एकतीस वर्षं त्या जुन्या मैदानाचं गवत राखलं. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो, पण सकाळी उठून आधी आभाळ बघायची सवय गेलेली नाही. तर मला सांग, छप्पर उघडं असतं तेव्हा तुझे ते पाच भाग कुठे बसतात? वर्तमानपत्रातल्या चित्रात ते दक्षिणेच्या स्टँडवर एकावर एक दिसतात. एप्रिलमध्ये आपल्याकडे सूर्य किती खाली असतो तुला ठाऊक आहे. पहिल्या बेसकडच्या बाजूला दिवसाला किती तास ऊन पडेल? छप्पर उघडं की बंद, हे गवताला कळत नाही गं. त्याला फक्त सावली कळते.

हा प्रश्न बापाचा नाही, माळ्याचा आहे. आकडा हवाय, समजूत नको. बोर्डाच्या अध्यक्षीणबाईंनी मला सुनावणीत बोलायला बोलावलंय. तुझं उत्तर आल्याशिवाय मी त्यांना हो म्हणणार नाही.

लोणचं घातलंय. रागावली असलीस तरी खायला येच.
तुझा,
बाबा

*

शिकागो,
२० फेब्रुवारी १९९५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. कामाचा नुसता डोंगर आहे. गवताचं बघणारी माणसं वेगळी असतात, ती बघतील, तुम्ही काळजी करू नका. सुनावणीत बोलायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, माझं काही म्हणणं नाही. घाईत आहे. आईला नमस्कार.

मार्गिट

*

शिकागो,
२५ मार्च १९९५

ती. बाबांस,
सा. न.

सुनावणीनंतर मी न बोलता निघून आले, म्हणून लिहिते आहे.

तुम्ही विरोधात बोललात याचं मला काही वाटलं नसतं. पण गॅरेजमध्ये सहा आठवडे सावलीत वाढवलेला तो गवताचा ट्रे तुम्ही सातही सभासदांपुढे टेबलावर ठेवलात. पिवळं, विरळ, रोगट गवत. आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणालात, “माझी मुलगी हुशार आहे, पण तिने आयुष्यात गवताचं एक पातं वाढवलेलं नाही.” सगळा हॉल हसला. त्यात मला लहानपणापासून ओळखणारे लोक होते. माझे साहेब शेजारी बसून कागद चाळत राहिले.

चार विरुद्ध तीन मतांनी छप्पर गेलं. स्टेडियम उघडंच होणार आणि त्याचा आराखडा आता दुसरे लोक काढणार. ऑफिसात मला कुणी काही म्हणत नाही, तेच जास्त लागतं. यापुढे मला पार्किंगच्या इमारती दिल्या जाणार आहेत.

कॉरिडॉरमध्ये तुम्ही हात पुढे केलात आणि मी तशीच गेले. त्याबद्दल मी माफी मागणार नाही.

मार्गिट

*

पोर्ट सेलिना,
९ एप्रिल १९९५

चि. मार्गिट हिस,
आशीर्वाद.

ते वाक्य मी घरून ठरवून नेलं नव्हतं. तोंडातून गेलं. लोक हसतील असं वाटलं नव्हतं. पण हसले तेव्हा मला बरं वाटलं, हे तुझ्यापासून लपवत नाही. एकतीस वर्षं मी लोकांच्या पाठीमागे काम केलं. त्या दिवशी पहिल्यांदा सगळे माझ्याकडे बघत होते.

पण मार्गिट, तू माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस.

आई रोज टपालपेटी उघडून बघते.
बाबा

*

पोर्ट सेलिना,
११ जुलै १९९९

चि. मार्गिट हिस,
अनेक आशीर्वाद.

चार वर्षांनी लिहितो आहे. मधे दर नाताळला तुझं कार्ड आलं आणि माझं गेलं, ते काही लिहिणं नव्हे. तुझी आई गेली तेव्हा तू तीन दिवस या घरात होतीस आणि आपण दोघं चर्चमध्ये खुर्च्या किती लागतील एवढंच बोललो. ती असती तर दोघांच्याही पाठीत धपाटा घातला असता.

नवं स्टेडियम एप्रिलमध्ये सुरू झालं. गवत लावायला त्यांनी मला सल्लागार म्हणून बोलावलं, गुडघे दुखत असतानाही गेलो. बढाई मारत नाही, पण असं गवत मी जन्मात वाढवलं नव्हतं. पहिल्या बेसपाशी गुडघ्यावर बसून मी ते हाताने चाचपून बघितलं आणि मनात म्हटलं, अर्विड सॉर्बी, तू बरोबर होतास.

मग सामने सुरू झाले. एप्रिलमध्ये घरच्या मैदानावरचे अकरा होते, त्यातले पाच बर्फाने आणि पावसाने गेले. जे झाले त्यातही लोक ब्लँकेटं गुंडाळून, गरम कॉफीचे कप गालाला लावून बसायचे. मी म्हणायचो, एप्रिल आहे, असं व्हायचंच.

आता ऑर्व्हल आणि लायलाचं ऐक. हिवाळ्यात लायलाच्या डोळ्यांत काहीतरी बिघडलं. नजरेच्या मधोमध डाग पडतो आणि तो वाढत जातो. डॉक्टरांनी सांगितलं की उन्हाळ्यापर्यंत कडेकडेचं तेवढं दिसेल, समोरचं नाही. तिने ऑर्व्हलला एकच सांगितलं, नवीन मैदान एकदा नीट बघून घेऊ दे. ऑर्व्हल आता बस चालवत नाही, दोघं वेस्टब्रुकच्या बसमधून प्रवासी म्हणूनच आली. सतरा एप्रिलला आली तर बर्फ. सामना रद्द झाला म्हणून फाटकं उघडलीच नाहीत, गाडी तशीच वळून परत गेली. आठ मेला आली तर धो धो पाऊस. सगळे तीन तास स्टँडखालच्या बोळात उभे होते. मैदानावर ताडपत्री, तिच्यावर पाणी. लायलाला दिसली ती ताडपत्रीच. मग बस सुटायची वेळ झाली. जूनमध्ये तिच्या डोळ्यांवर उपचार चालले होते, म्हणून येता आलं नाही.

गेल्या रविवारी आली. ऊन असं पडलं होतं की काय सांगू. मी त्यांना जागेवर बसवायला गेलो. लायला बसली, इकडे मान वळवली, तिकडे वळवली, आणि ऑर्व्हलला हळूच विचारलं की हिरवं नक्की कुठे आहे. तो तिचा हात धरून बोटाने दाखवत राहिला. हे थोडं डावीकडे, हे समोर. ती मान हलवत होती, पण तिला काही दिसत नव्हतं मार्गिट, कडेचं आकाश सोडून.

नंतर सॉसेजच्या रांगेत मी ऑर्व्हलला म्हटलं की मला फार वाईट वाटतं. त्याच्या मनात माझ्याबद्दल काही नव्हतं. उलट माझीच समजूत घालत म्हणाला, “हवा आहे, अर्विड. ती काय कुणाला विचारून मत घेते?”

मी म्हटलं, “पण आपण घेतलं होतं ना मत.”

तो सॉसेज घेऊन तिच्याकडे गेला.

गवताबद्दल मी खोटं बोललो नव्हतो. पण बोर्डापुढे उभं राहिलो तेव्हा मला फक्त गवत दिसत होतं. ती बस मला पहिल्यापासून ठाऊक होती. तू तिच्याबद्दल लिहिलंही होतंस. मी तिचा एका शब्दानेही उल्लेख केला नाही, कारण केला असता तर माझी बाजू लंगडी पडली असती.

उत्तर दिलंच पाहिजेस असं नाही. वाचलंस तरी पुष्कळ.
तुझा,
बाबा

*

शिकागो,
२५ जुलै १९९९

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. लायलाकाकूचं वाचून ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. साडेचार वर्षं उशीर झालाय. पहिल्या बेसकडच्या बाजूला एप्रिलमध्ये जेमतेम चार तास ऊन पडलं असतं. हे मला तुमचं पत्र आलं तेव्हाच माहीत होतं. गवताच्या एका तज्ज्ञाकडून आम्ही अहवाल मागवला होता. त्यात तुमचंच म्हणणं होतं, फक्त अवघड शब्दांत. मी साहेबांना विचारलं की हा बोर्डाला द्यायचा ना. ते म्हणाले, आधी मंजुरी मिळू दे, मग बघू. मी एकदाही वाद घातला नाही. अहवाल खणात ठेवला आणि तुम्हाला ते चार ओळींचं पत्र लिहिलं.

म्हणून त्या दिवशी मला इतका राग आला, बाबा. लोक हसले म्हणून नव्हे. तुम्ही टेबलावर ठेवलंत ते खरं होतं, आणि त्या हॉलमध्ये ते माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तुम्ही तुमची अर्धी गोष्ट सांगितलीत, मी माझी अर्धी लपवली.

आणखी एक सांगायचं राहिलंय, ते लिहायला सगळ्यांत जड जातंय. त्याच फेब्रुवारीत एका रविवारी मी घरी बसून वेगळा आराखडा काढला होता. दोन भाग दक्षिणेला न ठेवता उत्तरेला सरकवायचे आणि उरलेल्या तिघांतून उजेड आरपार येईल असं करायचं. पहिल्या बेसला साडेसहा तास ऊन मिळालं असतं. गवत जगायला तेवढं पुरतं का, ते मला कळेना. ते सांगू शकेल असं एकच माणूस माझ्या ओळखीचं होतं. फोन उचलला आणि खाली ठेवला. म्हटलं, बाबा म्हणतील, बघ, मी सांगत होतो. एवढ्याशा गोष्टीसाठी ठेवला. सोमवारी तो कागदही त्याच खणात गेला.

तुम्ही विचारायच्या आधीच सांगते, आता तिथे छप्पर घालता येणार नाही. उघड्या स्टेडियमचा पाया हलका घेतलाय, तो तेवढं वजन पेलणार नाही.

आईच्या वेळी खुर्च्यांचं बोलून झाल्यावर मी स्वयंपाकघराच्या दारात बराच वेळ उभी होते. तुम्ही पाठमोरे कप विसळत होतात. तेव्हाच हे सगळं सांगायचं होतं.

मी पत्र घरच्या पत्त्यावर टाकतेय. यावेळी टपालपेटी उघडून बघायला तुम्ही एकटेच आहात, हे पाकीट बंद करताना मनात आलं.

तुमची,
मार्गिट

*

पोर्ट सेलिना,
१९ ऑगस्ट १९९९

चि. मार्गिट हिस,
अनेक आशीर्वाद.

साडेसहा तास पुरले असते. आधी हे लिहून टाकतो, म्हणजे तुला खाली शोधावं लागायला नको. बी जरा वेगळं घ्यावं लागलं असतं, वसंतात दोनदा जास्त हात फिरवावा लागला असता, पण गवत जगलं असतं. तुझं पत्र वाचून मी अंगणात दोन दिवस सावल्या बघत बसलो आणि मग खात्री करून लिहितोय. तू फोन केला असतास तर मी “बघ, मी सांगत होतो” असं म्हणालो असतो, ते तुझं अगदी बरोबर. पण ते म्हणून झाल्यावर पेन्सिल घेऊन बसलोही असतो. हे दुसरं तुला कळावं असा मी कधी वागलो नाही, त्याचा दोष तुझा कसा?

गेल्या मंगळवारी मी काउंटी बोर्डाच्या सभेला गेलो. कुणाही नागरिकाला तिथे तीन मिनिटं बोलता येतं. चर्चला जायचा कोट घातला आणि उभा राहिलो. सांगितलं, की पंचाण्णव साली मी इथे बोललो ते गवतापुरतं खरं होतं आणि माणसांपुरतं अपुरं होतं. लांबून येणाऱ्यांचं मला ठाऊक असून मी ते बोललो नाही. आणि माझ्या मुलीवर मी हॉल हसवला, ते चुकलं. तुझ्या अहवालाचं मी काढलं नाही. ते सांगायचं की नाही, हे तू ठरवायचंस.

त्या वेळच्या सातांपैकी आता तिथे एकच जण उरलाय आणि तो चष्मा पुसत होता. नव्या अध्यक्षांनी माझे आभार मानले, माझ्या नावाचं स्पेलिंग विचारून घेतलं आणि पुढचा विषय पुकारला, तलावाकाठच्या रस्त्यावर गाड्या लावायच्या पाट्यांचा. मी तीन मिनिटं मागितली होती, दोनच लागली. बाहेर येऊन पायऱ्यांवर बसलो. हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी ऑर्व्हल आणि लायला पुन्हा येणार आहेत. तिला दिसत नाही, पण आवाज आवडतो म्हणते. माझ्याकडे चार तिकिटं आहेत. ऑर्व्हलला खेळ सांगता येत नाही, तो मधेच उठून ओरडायला लागतो. मीही बिनकामाचा, मला बोलता येतं ते जमिनीबद्दल. तू लहानपणी रेडिओवाल्यापेक्षा चांगली सांगायचीस, कोण धावलं, कुणी झेल सोडला, कोण कुणावर चिडलं. तू तिच्या शेजारी बसून सांगशील का? मी तुझ्या पलीकडे बसेन आणि मधे तोंड घालणार नाही.

पाऊस आला तर भिजावं लागेल. तेवढं आता आपल्या हातात नाही.

लोभ ठेव असं म्हणायला तोंड राहिलेलं नाही. त्यातला बराचसा मीच उधळला. जो उरला असेल, तेवढा येताना घेऊन ये.

तुझा,
बाबा