धाकट्या भावास काही नाही

मी, खाली सही करणार, वय एकोणपन्नास, धंदा सुतारकाम, शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत, हे मृत्युपत्र माझ्या कामाच्या बाकावर बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या सोमवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डोके शाबूत आहे, बिघाड फक्त छातीत आहे. कोणी दाब दिलेला नाही, कोणी पढवलेले नाही. बोलताना मी अडखळतो हे सर्वांना ठाऊक आहे. लिहिताना अडखळत नाही, म्हणून हे लिहिलेलेच खरे धरावे. आयुष्य परमेश्वराने दिले. ते परत कधी न्यायचे हे त्याने ठरवावे.

१. राहते घर, बँकेतली शिल्लक आणि भांडीकुंडी पत्नीची. चोवीस वर्षे तिने माझी अर्धवट वाक्ये पुरी केली. स्वयंपाकघराची खिडकी नीट लागत नाही, ती तासून द्यायची राहिली. लोकांच्या खिडक्या मात्र वेळेवर दिल्या.

२. हत्यारे. मोठा रंधा शेजारच्या बुकबाइंडर मित्राला द्यायचा होता. पण वकील म्हणाले, साक्षीदार म्हणून जो सही करील त्याला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये. मित्राला विचारले तर म्हणाला, "सही करतो. रंधा घेऊन काय पुस्तकं तासू?" तरी चेहरा पडलाच त्याचा. सगळी हत्यारे सुतारकाम शिकवणाऱ्या शाळेला द्यावीत.

३. धाकट्या भावास मी काहीही देत नाही. हे विसरून राहिलेले नाही. कारण पुढे येईल.

४. पुरीमची गुंडाळी. चर्मपत्रावर हाताने लिहिलेली, आजोबांपासून आमच्याकडे असलेली. परक्या राज्यात आम्हा यहुदी लोकांना मारून टाकायचा बेत झाला आणि राणीने तो उधळला, ती हकिकत पुरीमच्या सणाला सिनेगॉगमध्ये हिच्यावरून मोठ्याने वाचतात. दुष्ट वजिराचे नाव आले की पोरे खुळखुळे वाजवून ते बुडवतात. वडिलांनंतर वाचणारा मीच. सुरात वाचताना माझी जीभ कधी अडत नाही. वर्षातला तेवढा एक दिवस मी सरळ बोलणारा माणूस असे.

अकरा वर्षांपूर्वी वाचन संपले आणि सोंगे सुरू झाली. पुरीमला सोंग घ्यायचेच असते. धाकटा माझा काळा कोट घालून पुढे आला आणि म्हणाला, "मं-मं-मंडळी, ब-बसून घ्या." सगळे हसले. आई सगळ्यांत मोठ्याने हसली, हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आले. मी गुंडाळी काखेत घेऊन घरी आलो, कपाटात ठेवली आणि कुलूप घातले.

पुढच्या वर्षी लोक बोलवायला आले, त्यांना सांगितले, "मंडळीच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते जमत नाहीत. वाचता येणार नाही." खरेच आम्ही मोजके उरलो होतो, बाकीची घरे दूरदेशी गेली. शास्त्र मला जास्त कळते अशी समजूत, म्हणून लोक गुमान परत गेले. पण दहा जण जमले नाहीत तर हे वाचन एकट्यानेही करायचे असते. ते मला ठाऊक होते. मी माझा राग शास्त्राआड लपवला.

धाकटा दर पुरीमला खाऊचे ताट रुमालात बांधून पाठवी. अशी ताटे पाठवणे ही आमची रीत आहे. दहाही वेळा मी गाठ न सोडता ते परत पाठवले.

आई अंथरुणाला खिळली, तेव्हा विचारी, "यंदा वाचशील का रे? मला इथंच ऐकव की." मी म्हणे, "दहा नाहीत, आई." पाच पुरीम न ऐकता ती गेली. रोजच्या प्रार्थनेत मी याची क्षमा मागतो. पण जिची मागायला हवी होती, ती आता ऐकायला नाही.

गेल्या वर्षी धाकट्याच्या मुलीने चौदा पोरे जमवून पुरीम पुन्हा सुरू केला. ती दर रविवारी त्यांना अक्षरे शिकवते, गाणी बसवून घेते. छापील कागदावरून वाचत होती. आत पोरे डब्यांची झाकणे बडवत होती आणि मी बाहेर सिनेगॉगच्या पायरीवर उभा होतो. ती तीन ठिकाणी चुकली. मी तिथेच, ओठांतल्या ओठांत, बरोबर वाचले.

तरी माझ्या मृत्यूनंतर ही गुंडाळी पुतणीस द्यावी.

इथवरचा मजकूर बुकबाइंडरला वाचायला दिला. तो म्हणाला, "पुरीम अकरा दिवसांवर आला. पोरीनं काय तू मरायची वाट बघत बसायचं? आणि नाही मेलास तर?"

म्हणून 'मृत्यूनंतर द्यावी' हे वरचे वाक्य रद्द. कुलूप काढले. आज दुपारी पुतणीला बोलावून गुंडाळी तिच्या हातात दिली. ती म्हणाली, "काका, वाचणार तुम्हीच ना?" मी छातीवर बोट ठेवून नकारार्थी मान हलवली. मग दोन तास बसून तिच्या तिन्ही चुका सुधारून घेतल्या.

५. काळा कोट. हा सिनेगॉगमधल्या सोंगांच्या पेटीत ठेवावा. दर पुरीमला कोणीतरी तो घालून माझी नक्कल करावी. अडखळणे वगळू नये. सर्वांनी आईसारखे मोठ्याने हसावे.

६. कलम तीनचे कारण. ज्याला काही मिळते तो साक्षीदार होऊ शकत नाही, आणि दुसरा साक्षीदार मला धाकटाच हवा आहे. अकरा वर्षांत त्याला बोलावण्याचे दुसरे निमित्त मला सुचले नाही. पुतणी त्याला आणायला गेली आहे. तो येईपर्यंत मी सही करणार नाही. तोवर हा कागद कच्चा समजावा.

स्थळ: दुकानामागची खोली
तारीख: आमच्या अदार महिन्याची तीन, बुधवार

मृत्युपत्र करणार: (सही) थोरला भाऊ, सुतार

साक्षीदार: (सही) धाकटा भाऊ

साक्षीदार: (सही) शेजारी, बुकबाइंडर. दोघांच्या सह्या माझ्या डोळ्यांसमोर झाल्या. "ये, बस" म्हणताना थोरला चार वेळा अडकला. शब्द पुरे होईपर्यंत धाकटा दारातच उभा राहिला.