बिननावाचा अर्ज

१२ जानेवारी १९८६, सावदा

धुळ्याहून परत. पाठ मोडली! शेजारच्या मंदाबाईला महिन्याच्या इंजेक्शनला न्यायला तिच्या नवऱ्याबरोबर, पितांबरबरोबर, मीही गेलो होतो. मनोविकारांचे एक डॉक्टर तिथे महिन्यातून एकदा मुंबईहून येतात. आपल्या जळगाव जिल्ह्यात तेवढंही नाही.

दीड वर्षापूर्वी ही बाई विहिरीशी भांडायची, पोटच्या पोरीला ओळखत नव्हती. आज एस.टी.त माझीच चेष्टा! मी कंडक्टरला एक सुभाषित अर्थासह ऐकवत होतो — "नाना, पुरे! तुमचं संस्कृत ऐकून मले पुन्हा आवाज ऐकू येतीन."

कंडक्टर हसला, मीही हसलो. पितांबरने मात्र मागच्या बाकांवर नजर टाकली — ओळखीचं कोणी नाही ना.

२० जानेवारी

जळगाव. सरकारी दवाखान्याच्या साहेबांसमोर अर्ज ठेवला. मागणी साधी — आठवड्यातून एक दिवस मनोविकारांचा डॉक्टर, आणि औषध. साहेब म्हणाले, "तुम्ही वार्ताहर लोक फुगवून सांगता. जिल्ह्यात असे पेशंटच नाहीत. एकाचं तरी नाव द्या."

डॉक्टर नाही म्हणून पेशंटची नोंद नाही, नोंद नाही म्हणून डॉक्टर नाही. न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. सरकारात याला धोरण म्हणतात.

२१ जानेवारी

मंदाबाई म्हणाली, "माह्यं नाव लिहा." पितांबर उठून दारच लावून आला. "नाना, कुंदाची सोयरीक पाहतोय. आईचं हे कळलं, की पोर जन्माची घरात राहिली."

अर्ज तसाच खिशात.

९ फेब्रुवारी

आज धुळ्याला जायचं होतं. गेलो नाही. कुंदाला स्थळ आलं ते नेमकं धुळ्याचं — घर दवाखान्याच्याच गल्लीत! पितांबरचं म्हणणं, "तिथं कोणी पाहिलं म्हणजे? एक महिना चुकल्यानं काय होतं?"

काय होतं ते सांगितलं. त्याने मान हलवली. ऐकलं नाही.

१० मार्च

दुसराही महिना गेला. मंदाबाई झाडलेलंच अंगण पुन्हा पुन्हा झाडते. मुद्दाम मोठ्याने श्लोक म्हणत दारावरून गेलो. तिने वर पाहिलं नाही.

२ एप्रिल

विहिरीशी भांडण. सकाळपासून.

१३ एप्रिल

कुंदाचा साखरपुडा, त्याच धुळ्याच्या मुलाशी. मंदाबाई मागे केळीच्या वखारीत, पायात बैलाची साखळी. पाहुण्यांना सांगितलं, "ती बाहेरची झाली आहे, शिवाशिव नको." म्हणजे कोणी भेटायला मागणार नाही, ही पितांबरची अक्कल. धर्मशास्त्र शिकण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, पण त्याचा असा उपयोग कधी सुचला नाही!

वखारीतून किंकाळी आली. पितांबर म्हणाला, "गुरं." मांडवातल्या सगळ्यांनी ते मानून घेतलं. मीही. पुढ्यातली जिलबी खाल्लीसुद्धा.

मुलाची आई, शेवंताबाई, विहिणीला — तिच्या अहिराणीत 'इहीनले' — "खण लांबूनच ठेवते" म्हणून मागे गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा पदराला रक्त. साखळीने मंदाबाईचा घोटा सोलला आहे. भरलं पान टाकून गाडीत जाऊन बसली.

४ मे

धुळ्याहून निरोप नाही. पितांबर मला म्हणाला, "तुमच्या धुळ्यानंच घात केला." मंदाबाईच्या पायाच्या जखमेत पू झाला आहे. आता तरी इंजेक्शनला ने म्हटलं. "कोणत्या तोंडानं जाऊ त्या गल्लीत?"

कुंदा जखम धुते. आई तिला विचारते — "तू कोणाची गं?"

११ मे

निरोप आला. शेवंताबाई उद्या येते. पितांबरने साखरपुड्याचं लुगडं परत करायला घडी घालून बाहेर काढून ठेवलं. कुंदा रडत नाही. ते जास्त वाईट.

१२ मे

आली. लुगड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी साखळी काढायला लावली. "हिले मी लई जास." घेऊन जाते म्हणाली, धुळ्याला, दवाखान्यात. पितांबर भिंतीकडे तोंड करून उभा. मग माझ्याकडे वळली —

"नाना, तो अर्ज काढा. मंदाबाईनं नाव लिखा. आनि खाले लिखा — शेवंताबाईनी इहीन."