पुढच्या खोलीचा फ्रेंच वर्ग आणि माझा भाऊ

मी, खाली सही करणारी, गोदी कामगार संघटनेची माजी चिटणीस, पूर्ण शुद्धीत आहे आणि संतापलेलीही आहे. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत, असे डॉक्टरांनी तपासून लिहून दिले आहे. कोणाच्याही दडपणाशिवाय मी माझी शेवटची इच्छा नोंदवत आहे. भावाचे नाव असलेले आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर भाचीला. अट एकच: पुढच्या खोलीतला संध्याकाळचा फ्रेंच वर्ग बंद पडू नये आणि तो तिनेच घ्यावा.

वर्ग का, तेही लिहिते. साठीला आल्यावर मी परदेशातल्या कामगार परिषदेत फ्रेंचमध्ये भाषण केले. हयातभर सभा गाजवलेली मी. घशातून काढायचा 'र' जिभेने ठणकावला, शब्दांच्या शेवटची मुकी अक्षरेसुद्धा ठासून म्हटली. मी संपाची हाक देत होते आणि सभागृहाला वाटले, बाई आभार मानताहेत. त्यांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. त्या रात्री दुभाषी बाईने माझ्या हातात आरसा दिला, ओठ कसे गोल करायचे ते दाखवले आणि घसा सोलवटेपर्यंत घोकून घेतले. दुसऱ्या दिवशी तेच भाषण केले, तेव्हा लोक माझ्याशी भांडले. समजल्याची याहून चांगली खूण मला ठाऊक नाही. परत आल्यावर पुढच्या खोलीत हा वर्ग काढला.

२. वर्गातले हातआरसे, खुर्च्या आणि माझे शब्दकोश वर्गाचेच राहतील.

३. भावाला काही नाही.

वकील म्हणाले, "ताई, मृत्युपत्रात वैर लिहू नये." मी विचारले, "मग काय बरोबर घेऊन जाऊ?"

भाऊ फ्रेंचचा प्राध्यापक. जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्या. फ्रेंच माणूस समोर आला की याचा घसा बसतो. भाची त्याचीच मुलगी. पाहुण्यांसमोर त्याने तिला उतारा वाचायला लावला आणि तिच्या उच्चारांची नक्कल करून सगळे टेबल हसवले. पोर फ्रेंच सोडाच, त्या घरात पाणीसुद्धा खुणेने मागू लागली. पुन्हा बोलती झाली ती माझ्या वर्गात, हातात आरसा धरून. तो याला शिस्त म्हणतो. मी गळचेपी म्हणते. ज्यांनी ज्यांनी माणसांना मुके केले, ते आधी त्यांच्या बोलण्याला हसले, हे मी व्यासपीठावरून सांगत आले. घरातही तेच सांगते.

४. भावाने या खोलीचा उंबरा ओलांडू नये, असे हे कलम होते. मसुदा भाचीला दाखवला. तिने हे कलम दोनदा वाचले. मला वाटले, आता बापाची बाजू घेणार.

"आत्या, हे खोड," ती म्हणाली. "बाबांना येऊ दे. पहिल्या रांगेत बसवते आणि सगळ्यांदेखत मोठ्याने वाचायला लावते."

वकिलांनी विचारले, "आणि ते चुकले तर?"

"चुकतीलच. पण कोणी हसणार नाही. तेच त्यांना सोसायचं नाही."

कलम खोडले आहे. खोडलेल्या ओळीशेजारी माझी सही आहे.

सही: लिहून देणार, भाचीची आत्या
साक्षीदार: शेजारचे शिंपीकाका, दवाखान्यातल्या परिचारिका. दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सही केली.
स्थळ: माझे घर, पुढची खोली
दिनांक: वकिलांच्या शिक्क्याप्रमाणे