कुणाचा खांदा नको

४ नोव्हेंबर, मंगळ.
परत हरलो. पोर्ट्रेटची लेन्स, जुनी पण फोटोंत तरी नीटस. दोन दिवस माझीच बोली वर होती. आज लिलाव संपायच्या बेतात नि आमची रोह्याची गाडी कासूला. रेंज गुल. नागोठणं आलं तेव्हा साइटवर 'विकली' असं झळकत होतं. शेवटच्या क्षणी उगवणाऱ्या त्या माणसाला कामधंदा नसावा. कंपनीत दिवसभर सगळ्यांवर डाफरलो.

संध्याकाळी पेणला घरी, तर दारातच आई. "बाला, माजा फोटो कवा काडनार?"

तिला भिंतीवर लावायचा फोटो हवाय. ती गेल्यावर लावायचा. आत्ताच काढून ठेवायचा, म्हणजे बाबांसारखं व्हायला नको. बाबा अचानक गेले, धड फोटो एकही नाही, म्हणून कुठल्याशा लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून मोठा केला. त्यात मामांचा खांदा आलाय. रोजचा हार अर्धा मामांना. मामा ठणठणीत आहेत, घरी आले की त्या भिंतीकडे पाठ करून बसतात.

"मला कुनाचा खांदा नको," हे आईचं पालुपद.

७ नोव्हेंबर, शुक्र.
वरसे गावाहून सुलूचा फोन. धाकटी असून ऐकवते केवढं! "दादा, मोबाइलवर काढ ना. महिने झाले तुझं लेन्स लेन्स."
म्हटलं, मोबाइलने जवळून नाक मोठं येतं.
"आईचं नाक मोठंच आहे."
फोन ठेवला.

११ नोव्हेंबर, मंगळ.
एक लेन्स गेल्या आठवड्यात मिळाली होती (सुलूला मुद्दाम नाही सांगितलं). आज पार्सल. वर्णनात 'आरशासारखी स्वच्छ'. उजेडाकडे धरली तर आत बुरशी, कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरलेली. विकणाऱ्याला फोटो पाठवले. त्याचं उत्तर: "तुमच्याकडे कोकणात दमट हवा. तुमच्या घरी लागली असेल."
सकाळी खोका उघडला, दुपारपर्यंत बुरशी? आमची हवा वाईट आहे, पण इतकी कामसू नाही.

१६ नोव्हेंबर, रवि.
भांडून भांडून लेन्स परत पाठवली. आई सकाळीच जांभळी साडी नेसून खिडकीपाशी खुर्चीत. केसांना तेल, कपाळावर नेहमीचं गोंदण, चष्मा पुसलेला.
"आलं का भिंग?"
"आलेलं. परत गेलं."
ती उठली. आत जाऊन साडीची घडी घातली. मला उगाच तिचाच राग आला.

खरं लिहायचं तर, घाई नाहीये मला. फोटो काढला की ती मोकळी झाली, असं काहीतरी डोक्यात बसलंय. घरात आम्ही दोघंच. म्हणून प्रत्येक लेन्समध्ये खोट. पण ती बुरशी खरीच होती!

२० नोव्हेंबर, गुरु.
कासूचा धोका नको म्हणून परतीची गाडी मुद्दाम सोडली. रोहा स्टेशनच्या बाकड्यावर बसून बोली लावली. जिंकलो. शेजारच्या बाईने विचारलं, "लॉटरी लागली काय वो?" इतका मोठ्याने ओरडलो असणार.

२५ नोव्हेंबर, मंगळ.
लेन्स आली. जुनी, वजनदार, काच लख्ख. फोकसची रिंग किंचित ढिली, पण फिरते लोण्यासारखी. टेबलावर ठेवून शिफ्टला गेलो. चूक.

परत येऊन रिंग फिरवली. कर्रर्र. मग ठप्प.
"आई, हिला काय केलंस?"
"काय नाय. दृष्ट काडली."
"लेन्सची?"
"जुनी हाय ना? कुनाकुनाला बगितलं आसल तिनं. मेलेली, जिती. तीच नजर माज्यावर?"
मूठभर जाडं मीठ, मोहऱ्या, वर मिरच्या. ओवाळताना सांडलं, ते तिने फडक्याने पुसलं. म्हणजे रिंगच्या फटीत नीट दाबून बसवलं. आयुष्यात पहिली बरी लेन्स मिळाली, तीही मिठागरात गेली.
जेवलो नाही. तीही जेवली नाही. मग मीच उठून दोघांचं ताट वाढलं.

२७ नोव्हेंबर, गुरु.
ब्रश, फुंकणी, सुई. दोन मोहऱ्या निघाल्या, मीठ नाही. दुरुस्तीवाल्याला फोन केला. मीठ म्हटल्यावर तो आधी हसला, मग म्हणाला, ठेवून जा, वेळ लागेल. रिंग एकाच जागी अडकली आहे. साधारण दोन हातांवरचं तेवढं स्पष्ट दिसतं. पुढचं-मागचं सगळं धूसर.

३० नोव्हेंबर, रवि.
सुलू आली. म्हणाली, "दोन हातांवर दिसतंय ना? मग दोन हातांवर बसव." डोक्यात कसं आलं नाही, देव जाणे.

आई जांभळ्या साडीत. मीच पुढे-मागे सरकत फोटो काढला. सुरेख आला. डोळे, गोंदण, सुरकुती न् सुरकुती. मागची भिंत पार विरघळलेली. आईने कॅमेऱ्याच्या पडद्यावर बराच वेळ पाहिला.
"बरा हाय."
मग सुलूला म्हणाली, "पन एकटीच हाय गो मी यात."
मी लेन्सवर झाकण लावायला घेतलं.
"बाला, तू बस हितं."

कॅमेरा स्टुलावर, टायमर लावून धावत जाऊन तिच्या बाजूला बसलो. ती माझ्याकडे झुकली आणि हसली. पहिल्या फोटोत हसली नव्हती.
"ह्योच लाव."
"आई, त्या फोटोत एकच माणूस असतो. मला कापावं लागेल."
"काप. खांदा तेवडा ऱ्हाऊ दे."
सुलू स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ आली नाही.

१ डिसेंबर, सोम.
फ्रेमवाल्याकडे तो दुसराच फोटो नेला, मला खांद्यापर्यंत कापून. त्याने पट्टी ठेवली. "हा खांदा मध्ये येतोय. उडवू?"
विचारून सांगतो म्हटलं आणि फोटो घेऊन घरी आलो. आईने अजून फ्रेमचं विचारलेलं नाही.