तिसऱ्या प्रयोगानंतर

॥ श्री ॥

पिस्कॅटवे, न्यू जर्सी
मंगळवार, १७ एप्रिल १९८४

चि. सौ. शोभास,

तुझ्या सुमित्रावन्संचे पोटभर आशीर्वाद. प्रल्हादलाही सांग, म्हणावं बहीण अजून ठणठणीत आहे.

तुझं पत्र येऊन पंधरवडा होत आला. मी राहत होते ती तुमची मागची खोली शाळेतल्या एक बाई भाड्यानं मागताहेत, मेपासून देऊ का, असं विचारलंस. देते उत्तर. आधी इकडच्या गमती ऐक.

गिरीशला कंपनीत बढती मिळाली. सूनबाईची, पद्मजाची, इस्पितळातली पाळी बदलली, आता ती सकाळी अंधारात निघते. थंडी ओसरली म्हणतात, पण माझ्या गुडघ्यांना अजून बातमी लागलेली नाही.

नंदाच्या शाळेत गाण्यांचं नाटक बसवलं, खेड्यातल्या जत्रेचं. नातीचं काम पाच-सहा वाक्यांचं, पण गाणी सगळी. आणि नाटक बसवलं म्हणजे अख्खा गाव राबला बघ! दातांचे डॉक्टर शिडीवर चढून लाकडी गोठ्याला तांबडा रंग देताहेत, कुणाचे वडील करवत चालवताहेत, कुणाची आई पोरांना पातेलंभर जेवण आणतेय. शिवणारं कुणी घरात आहे का, असं मास्तरांनी पोरांना विचारलं. नंदा घरी येऊन म्हणाली, "आजी, यू कॅन स्यू, राइट?" अगं, इथे आल्यापासून मला काही येतं का, हे कुणीतरी पहिल्यांदाच विचारलं.

दोन महिने रोज दुपारी गेले. शाळा हाकेच्या अंतरावर. शिवणाच्या खोलीत मुख्य बाई मार्गी. ओठ लालभडक, हसली की मशीन हलतं. सुमित्रा म्हणता येईना म्हणून मला सुमी केलं तिनं. मी दातानं दोरा तोडला की ओरडायची, "सुमी! युवर टीथ!" आणि शिडीवरच्या डॉक्टरांकडे बोट दाखवायची. माझं इंग्रजी बेतास बात, पण कापड दोघींनाही कळतं. पोरी वाढत्या अंगाच्या, म्हणून मी झग्यांना आतून भरपूर माया ठेवली. ती म्हणे, "टू मच!" मी म्हणे, "असू दे गं बाई."

पहिल्या प्रयोगाआधी नारळ फोडायचा हट्ट धरला मी. नंदानं डोळे झाकून घेतले. "आजी, प्लीज, नॉट ऑन स्टेज!" मग मास्तर सगळ्यांना मागच्या दाराशी घेऊन गेले. डॉक्टरांनी दगडावर आपटून पाहिला, नारळ दाद देईना. शेवटी मार्गीनं हातोडी घातली आणि पाणी उडालं ते थेट मास्तरांच्या बुटांवर. काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! खोबरं वाटलं तर एक पोरगी विचारते, "डू वी स्वॉलो इट?"

मार्चअखेर गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तीन प्रयोग झाले. शनिवारी पडदा पडून पोरींनी झगे उतरवले तोच गिरीश मला न्यायला आला. झगे मळले होते, ते मी पिशव्यांत कोंबून बरोबर आणले. कराडला यांच्या हौशी मंडळाचं तुला ठाऊकच आहे. एक नाटक बसलं की वर्षभर चालायचं, आज स्पर्धा, उद्या कुठल्याशा गावची यात्रा, आणि कपडेपट आमच्या घरी. तेच डोक्यात बसलेलं. रविवारभर झगे धुतले, तळघरात वाळवले, तुटलेली बटणं लावली, इस्त्री फिरवली. सोमवारी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन शाळेत हजर.

सभागृहात पोरं चेंडू खेळत होती.

मागच्या दाराबाहेर कचऱ्याची लोखंडी पेटी असते, तीत तांबड्या फळ्या पडलेल्या. मास्तर धावत आले, माझ्या हातातल्या पिशव्या घेतल्या. मी विचारलं, "नेक्स्ट शो?" ते हळू आवाजात म्हणाले, "सुमी, इट्स ओव्हर. नेक्स्ट इयर, न्यू प्ले."

इथे शेवटचा पडदा पडला की लगेच सगळे मिळून गोठा मोडतात, पिझ्झा खातात, गळ्यात पडून रडतात आणि घरी जातात. सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून मला सांगायचं कुणाला सुचलं नाही. मी मार्गीचं विचारलं, तर ती तिच्या बँकेत. डॉक्टर त्यांच्या दवाखान्यात. जो तो आपल्या कामाला परत गेला, शोभा. मी काय, मी घरी आले.

संध्याकाळी नंदाला कळलं. "यू वॉश्ड देम? ऑल ऑफ देम?" म्हणून आधी हसली, मग तिचा चेहरा उतरला. "ओ आजी, नोबडी टोल्ड यू." माझ्याजवळ येऊन बसली. तेवढ्यात तिचा फोन आला.

तेव्हापासून दुपारी खिडकीशी बसते. टपालाची गाडी येते, जाते. काल दुधाला "उतू नको जाऊस रे" म्हटलं आणि माझाच आवाज ऐकून दचकले. सकाळपासून तो पहिलाच शब्द होता.

कुणी वाईट वागत नाही गं. तेच तर सांगायला जड जातं. गिरीश लोकरीचे मोजे आणतो, पद्मजा माझं जेवण झाकून ठेवून जाते. बोट ठेवावं अशी जागा नाही. आणि निघताना मी तुला केवढ्या तोऱ्यात सांगितलं होतं, आता कसली परत येते मी, खोली खुशाल भाड्यानं द्या! हस हवं तर.

खोली देऊ नकोस. त्या बाईंची दुसरीकडे सोय होते का बघ.

आणि आणखी एक कर. हे पत्र प्रल्हादला वाचून दाखव नि बंबात घाल. मग गिरीशच्या नावानं वेगळं लिही, वन्संना पाठवून दे, मला एकटीला घर रेटत नाही, असं. त्याला वाटायला नको की त्याच्याकडून काही कमी पडलं. लोणच्याचं निमित्त कर, गुडघ्यांचं कर, तुला काय शिकवायचं! फक्त असं लिही की तो मला वाचून दाखवेल तेव्हा मलाही ते खरं वाटावं.

तुझ्या बोलावण्याकडे डोळे लावून बसलेली,
वन्सं