एका कोयत्याची दोन नावं

वडवणी, दसरा २००३

परमेश्वरदादा,

तुझी ईमेल वाचली. "मी सोडून दिलेला प्रोग्राम उकरून काढू नका, माझ्या नावाची शोभा होईल," म्हणतोस. होऊ दे.

ऊसतोडीची कोणती टोळी कोणत्या कारखान्यावर गेली, हे मागं राहिलेल्यांना निरोप धाडायला कळावं म्हणून तूच तो लिहिलास. कुणीही सुधारावा म्हणून इंटरनेटवर मोकळा ठेवलास, आन पुण्याला नोकरी लागल्यावर चार वर्षं फिरून बघितलं न्हाई. मग आमी धरला. तलवाड्याच्या गुरुजींनी गावोगावच्या याद्या आणल्या, मी नेट कॅफेत बसून भरल्या. केरळातल्या एका बाईनं, जिला मी कधी बघितलंबी न्हाई, चुका दुरुस्त करून पाठवल्या.

तिनंच विचारलं, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, तर नाव एकट्या नवऱ्याचं कावून? मला लई लाज वाटली. आपल्याला तसंच मोजायची सवय.

आता दोन नावांची जागा केलीय. तपासायला आपल्याच घराची जुनी नोंद उघडली. तू लिहिलं होतंस: आश्रुबा, एक कोयता. दादा, तुझ्या शिक्षणासाठी आई चौदा हंगाम बापाच्या बरोबरीनं उसाच्या फडात वाकली. तुझ्या यादीत ती न्हाईच.

हे पत्र टाकत न्हाई. उद्या नवा प्रोग्राम नेटवर चढतोय, तूच उघडून बघशील. लिहिणारा म्हणून तुझं नाव तसंच हाय. त्याच्याखाली पहिली नोंद: वत्सलाबाई आन आश्रुबा, एक कोयता.

तुझं न ऐकणारी बहीण,
शिवकन्या