मोजताना राहिलेली मेंढी

तीर्थस्वरूप जोतीदादा,

सोलापूरहून मालनने तुझ्या पायांवर डोकं ठेवलं आहे असं समज. (डोक्याचा विषय पुढे येणारच आहे, म्हणून ते आधी ठेवते.) तुझा गुडघा, तानावहिनीची कंबर आणि दारातली लंगडी कुत्री बरी असतील. इकडे आम्ही बरे आहोत. निदान मी बरी आहे असं एका कागदावर सही करून दिलं आहे, आणि तो कागद खरा की खोटा हे अजून ठरायचं आहे.

दादा, मी नऊ वर्षांची असताना एकदा संध्याकाळी मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळीपाशी उभी राहून मेंढरं मोजत होते. दर वेळी आकडा वेगळा यायचा आणि मला रडू यायचं. तेव्हा तू म्हणाला होतास, "मोजत बसू नगं मालन, कोण न्हाय ते बघ." ते वाक्य मी इतकी वर्षं जपून ठेवलं आणि या महिन्यात त्यानेच मला परीक्षेत पाडलं. कसं ते सांगते, पण आधी परीक्षेला बसलेच का ते सांगायला हवं, कारण हे पहिल्या दिवसापासून तेच विचारताहेत.

आमच्या शाळेच्या ऑफिसात एक पत्रक आलं. आईला किंवा वडिलांना विसरण्याचा आजार होता, पण स्वतःची तब्येत ठीक आहे, अशा चाळिशीपुढच्या माणसांनी मेंदूच्या अभ्यासासाठी स्वखुशीने नाव द्यावं. मी ते फलकावर लावायला घेतलं आणि पर्समध्ये ठेवलं. आईची शेवटची दोन वर्षं तू पाहिलीस. मी फक्त सणावारी येऊन पाहिली. पण त्याच आठवड्यात कुकरच्या शिट्ट्या मोजताना ही तिसरी की चौथी यात मी अडकले, गॅस बंद केला आणि तिथंच स्टुलावर बसून राहिले. तिच्यानंतर आपल्या दोघांत कोण, एवढंच मला कळून घ्यायचं होतं.

त्या अभ्यासाच्या केंद्रात सोनम नावाची मुलगी आहे, आपल्या चुलतभावाच्या थोरलीएवढी. तिने चौदा पानांचा कागद वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की या अभ्यासातून तुम्हाला फायदा होईलच असं नाही, आणि कारण न सांगता तुम्ही केव्हाही बाहेर पडू शकता. (लग्नाच्या वेळी असा कागद कुणी पुढे केला नव्हता.) शेजारच्या नरसम्माला हे काही पटलं नाही. "येडी न्हाईस म्हणून बोलावलंय म्हणतीस, मग तपासणार काय गं?" मी जाऊन सोनमला तेच विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही नॉर्मल आहात म्हणूनच आम्हाला हव्या आहात, काकू." दादा, या कारणासाठी मी आजवर कुणाला हवी नव्हते. घरी येताना मी उगाच पाव किलो शेंगाचटणी घेतली.

मग डोक्याचा फोटो. अंगावर धातूचं काही नको म्हणाले. मंगळसूत्र निघालं, बांगड्या निघाल्या, उजव्या पायाचं जोडवं निघेना. सोनमने माझा पाय मांडीवर घेतला, साबण लावला, आणि दोघी घामाघूम झाल्यावर ते एकदाचं सुटलं आणि कपाटाखाली गेलं. आत नळकांड्यात निजवून सांगितलं की हलू नका, डोळे उघडे ठेवा, घाबरू नका. मग असा खडखडाट सुरू झाला की थेट शेजारच्या नरसम्माचा चादरी विणायचा माग. त्या आवाजात मी वीस वर्षं झोपते आहे, तशीच झोपले. सगळं पुन्हा करावं लागलं. त्या यंत्रात घाबरून ओरडलेली माणसं त्यांच्याकडे होती, घोरलेलं कुणी नव्हतं म्हणे.

त्यानंतर त्यांना मला ओळखणारं माणूस हवं होतं. यांना नेलं. सोनमने विचारलं, दहा वर्षांपूर्वीपेक्षा त्यांना आता कमी आठवतं का? हे म्हणाले, "कमी आठवलं असतं तर मी इथं कशाला आलो असतो? लग्नात आमची आत्या काय बोलली ते रोज आठवतं की तिला." माझ्या आईचं विसरणं कधी सुरू झालं, असं विचारल्यावर मात्र हे छताकडे बघत बसले.

आता परीक्षा. एका मिनिटात आठवतील तेवढे प्राणी सांगा. मी म्हटलं, मेंढी. आणि दादा, मला वाघरीची जाळीच दिसायला लागली. मोजायचं नाही, कोण नाही ते बघायचं. मग मी एकेक आत घेतली: टिकली, तांबडी, कानतुटी, कोकरू सोडून पळणारी, आबांचाच हात चाटणारी... मिनिट संपलं तेव्हा एकतीस झाली होती. सोनमच्या कागदावर एक होता. "काकू, सगळ्या मेंढ्याच की." मी म्हटलं, सगळ्या कुठं, त्यात एक शेळी होती. तिने एकाचे दोन केले. पण माझं लक्ष तिकडे नव्हतंच. माझ्या लहानपणीचा आपला कळप बत्तिसाचा होता, आणि कोण आत यायची राहिली ते मला काही केल्या आठवेना. आठ दिवस झाले, भाकरी थापताना तेच डोक्यात आहे.

त्यांच्या डॉक्टरांना मी भीत भीत विचारलं, एखादा धक्का बसून माणूस असं विसरायला लागतं का? ते म्हणाले की हे आतल्या आत दहा-पंधरा वर्षं आधीपासून चाललेलं असतं, घरच्यांना फार उशिरा दिसतं. (म्हणजे आईच्या दहाव्याला मी चारचौघांत तुला म्हणाले की तू मेंढरं विकलीस, तिथंच तिचं डोकं गेलं, ते चूक होतं. तीन वर्षं झाली. हे कंसात लिहिते आहे, कारण कंसाबाहेर लिहायला हात होत नाही. पण वहिनीला पत्र वाचून दाखवशील तेव्हा कंसातलंही मोठ्यानं वाच.)

तर विनंती अशी की येत्या शनिवारी अक्कलकोटहून सकाळच्या एसटीने ये. आईचं सगळं तूच सांगू शकशील, आणि ती एकतीस मेंढरं खरी होती याला साक्षीदार या जगात तू एकटाच आहेस.

तुझी धाकटी,
मालन

ता. क. – साक्ष फोनवरूनही चालते असं सोनमने दोनदा सांगितलं आहे. मी ते तुला कळवणार नव्हते.

ता. क. २ – पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहिते आहे. वहिनीवर रागावू नकोस. काल तिचा फोन आला होता. खरं तर त्या फोननंतरच मी हे पत्र लिहायला घेतलं. म्हणाली, "वन्सं, ह्यांनी परवा तिन्हीसांजंला मेंढरांच्या रिकाम्या वाड्याकडं बघून ईचारलं, मुकी कुटं ऱ्हायली? मुकी कोण वो?" दादा, मुकी आपली बत्तिसावी. ती कधी ओरडायची नाही, म्हणून कळपात नसली तरी पटकन कळायचं नाही. मला आठ दिवस सापडली नाही, ती तुला सापडली, आणि मी आनंद मानावा की काय करावं ते मला कळत नाही. आपण दोघं मिळून बत्तीस होतो एवढं खरं.

अक्कलकोटच्या बाजारात तू मोटारसायकल विसरून चालत घरी आलास, तेही तिने सांगितलं.

सोनमला भावंडंही हवी आहेत. मी तुझं नाव देऊन बसले आहे. सही मात्र स्वखुशीने लागते, आणि तुझी खुशी मला माहीत आहे: "मला काय धाड भरलीय?" म्हणशील. शनिवारी नऊपासून मी स्टँडवर उभी असेन. नाहीच म्हणायचं असेल तर फोनवर म्हणू नकोस, वहिनीच्या तोंडून कळवू नकोस. नाही म्हणायला तरी स्वतः ये.